घरमालकाचा अर्ज आणि माळ्यावरचे डबे

मोहल्ल्यात बैतुलमालची यादी करताना एक प्रकार हमखास घडतो. अर्जात 'घर स्वतःचे' असे दिसले की तो अर्ज बाजूला पडतो. वास्तविक राहते घर आणि कारागिराची हत्यारे निसाबात धरली जात नाहीत. कर्जात बुडालेला माणूस तर जकातीच्या आठ हकदारांपैकी एक आहे (सूरह तौबा, आयत ६०). वडिलोपार्जित दोन खोल्या आहेत, पण स्लॅब गळतो आणि दुरुस्तीसाठी व्याजाने पैसे काढलेत, अशा माणसाला आपण 'मालक' म्हणून परत पाठवतो. हे बदलले पाहिजे.

याच घराच्या माळ्यावर दुसरी एक अडचण पडून असते, तिच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. खाली काम, वर संसार, ही आपल्या कारागिरांची जुनी रीत. रंगाचे अर्धे डबे, थिनर, चामडे चिकटवायचे सोल्यूशन, मेलेल्या ट्यूबलाइट, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, सगळे माळ्यावर. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली चुलीपर्यंत उतरते. ट्यूबमध्ये पारा असतो. बॅटरीतले शिसे मुलांच्या मेंदूला बाधते, आणि त्याचे सुरक्षित प्रमाण नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घराची दुरुस्ती निघाली की मजूर हे सगळे उचलून नाल्यात टाकतात. दोष त्यांचा नाही. द्यायचे कुठे, हे आपण त्यांना सांगितलेलेच नसते.

घरातला असा घातक कचरा वेगळा घेण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी नगरपालिका-महापालिकांना बजावले होते. आपल्या वॉर्डात ते कुठे आहे, हे जमातीने लेखी अर्ज करून विचारावे. एकट्यादुकट्याने खेटे घातले तर दाद लागत नाही, जमातीच्या शिक्क्याने लागते.

तोवर महिन्यातून एक दिवस जमातखान्याच्या आवारात हा कचरा गोळा करून केंद्रावर पोहोचवता येईल. डबे घट्ट बंद करून आणावेत, ट्यूब न फोडता खोक्यात आणावी. बॅटरी मात्र विक्रेत्याकडेच द्यावी. जुनी बॅटरी परत घेणे २००१ च्या नियमांनी त्याच्यावर बंधनकारक केले होते, शिवाय पैसेही मिळतात. घरी फोडून शिसे वितळवण्याचा उद्योग कोणी करू नये.

खर्चाचे म्हणाल, तर हनफी मसलकात जकात हकदाराच्या मालकीत द्यावी लागते. म्हणून गाडीभाड्याला जकात लावू नये, इमदादी फंडातून द्यावे. स्लॅबसाठी मात्र कर्जे-हसना द्यावे, आणि माणूस हकदार असेल तर जकातही.

एक गोष्ट आपल्या व्यापारी बंधूंना. कारखान्याचे पिंप घरचा कचरा म्हणून जमातखान्यात पाठवू नका. त्याचे नियम वेगळे आहेत, आणि तो खर्च तुमचा आहे.