घरांतील शास्त्र : प्रवाळांस चुना किती?

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या चिरंजीवांनीं घरांत दोनशें लिटरांची काचेची टाकी करून तींत खारें पाणी भरलें आहे व जिवंत प्रवाळें ठेविलीं आहेत. एके दिवशीं मोजणींत कॅल्शियम लिटरमागें ३६० मिलिग्रॅम भरलें. तें ४२० असावें असें वाचून चिरंजीवांनीं कॅल्शियमचा द्रव ओतला, आणि त्यांस ठाऊक नसतां सूनबाईंनीं लगेच त्याच जागीं सोड्याचा द्रव ओतला. पाणी दुधासारखें पांढरें झालें. दोन प्रवाळांच्या शेंड्यांवरील मांस झडून पांढरा सांगाडा उघडा पडला. "बाकीचीं तरी वाचतील ना?" असें भगिनी विचारतात.

बहुधा वाचतील, मात्र तूर्त कोणींहि कांहींएक ओतूं नये. पाणी आपोआप निवळूं द्यावें, नंतर पांचवा हिस्सा पाणी काढून तितकेंच नीट कालविलेलें नवें खारें पाणी घालावें, आणि मग मोजणीस बसावें.

झालें काय, तें शाळेंतील एका प्रयोगावरून ध्यानीं येईल. चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घातली कीं ती दुधाळ होते, हें बहुतेकांनीं बालपणीं पाहिलें असेल. श्वासांतील कार्बन डायऑक्साइड व निवळींतील चुना यांचा तो खडू होय. प्रवाळ हाच खडू आपल्या देहांत कणाकणानें रचतें. टाकींत तो एका क्षणांत पाण्यांतच बनला आणि तळाशीं बसला. म्हणजे जें अन्न म्हणून घातलें त्याचा गाळ झाला, आणि कॅल्शियम होतें त्याहूनहि उतरलें. अशा वेळीं उतरलेला आकडा पाहून घाबरून आणखी ओतण्याचा मोह होतो. तोच टाळावयाचा आहे.

परंतु मुळांत ३६० हा आकडा तरी कशामुळें आला? पत्रांत लवणतेचा उल्लेख नाहीं, आणि आधीं पाहावयाची गोष्ट तीच. समुद्राच्या पाण्यांत हजार भागांत ३५ भाग क्षार असतां कॅल्शियम लिटरमागें सुमारें ४१२ मिलिग्रॅम असतें. तेंच पाणी पातळ होऊन लवणता ३१ वर आली तर कॅल्शियम आपोआप ३६५ भरेल. तेव्हां उणें आहे तें मीठ. कॅल्शियमची बाटली तेथें व्यर्थ होय.

दुसरी गोष्ट अल्कतेची. पाणी आम्लास किती दाद देत नाहीं याचें हें माप. तें मुख्यतः पाण्यांतील बायकार्बोनेटवर अवलंबून असतें व जर्मन अंशांत सांगतात. समुद्रांत तें सातच्या आसपास असतें, घरच्या टाकींत आठ असावें. प्रवाळ सांगाडा रचतांना हीं दोन्ही द्रव्यें ठराविक प्रमाणांत घेतें. अल्कता २.८ अंशांनीं उतरते तेव्हां कॅल्शियम अवघें २० मिलिग्रॅम उतरतें. आठांतून २.८ गेले म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक पुंजी गेली. ४२० मधून २० गेले तर पांच टक्केहि नव्हेत, आणि एवढा फरक घरगुती मोजणीच्या चुकींतच बुडून जातो. म्हणून केवळ कॅल्शियमवर डोळा ठेवून बसणाऱ्यास संकट फार उशिरां कळतें. माझें मत विचाराल तर कॅल्शियम पंधरवड्यानें मोजलें तरी चालेल. अल्कता मात्र आठवड्यांतून दोनदां, नेहमीं त्याच वेळीं मोजावी. मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आहे ना, हेंहि एकदां पाहून घ्यावें. तें फार उणें असल्यास पाण्यांत खडू लवकर धरतो आणि सारे हिशेब फसतात.

आतां उपाय. दोन बाटल्यांच्या खटाटोपापेक्षां मला चुन्याची निवळी अधिक पसंत आहे. जर्मन भाषेंत तिला काल्कवासर, म्हणजे शब्दशः चुन्याचें पाणी, म्हणतात. १९७० नंतरच्या दशकांत पीटर विल्केन्स यांनीं प्रवाळांच्या टाक्यांसाठीं तिचा पुरस्कार केला. तींत कॅल्शियम व अल्कता प्रवाळांस लागतात त्याच प्रमाणांत असतात, त्यामुळें एक पारडें जड होण्याची भीति नाहीं. लिटरभर शुद्ध पाण्यांत जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, आणि गंमत अशी कीं ऊन पाण्यांत थंडाहून कमी! न विरघळलेला चुना खालीं बसूं द्यावा व वरचें नितळ पाणी तेवढें घ्यावें. भांडें झांकून ठेवावें, नाहींतर हवेंतील कार्बन डायऑक्साइडमुळें वर खडूची साय धरते.

एक लिटर निवळीनें दोनशें लिटरांत कॅल्शियम सुमारें ४ मिलिग्रॅम व अल्कता अर्ध्या अंशाहून किंचित् अधिक वाढते. परंतु निवळीचा सामू बाराच्या वर असतो. ती एकदम ओतणें म्हणजे प्रवाळांस भाजणें होय. शंकराच्या पिंडीवर अभिषेकपात्रांतून जशी धार धरतात, त्याहूनहि सावकाश, थेंबथेंब, पंपाच्या प्रवाहांत आणि रात्रीं सोडावी. रात्रीं टाकीचा सामू स्वभावतःच उतरलेला असतो. टाकींतून रोज जितकें पाणी आटतें त्याच्या चतुर्थांशापासून आरंभ करावा, अल्कता पाहात वाढवावें, आणि टाकीचा सामू ८.५ च्या वर जाऊं देऊं नये. आटलेल्या पाण्याहून अधिक निवळी घालतां येत नाहीं, हीच तिची मर्यादा.

मोठ्या टाकीस ती पुरत नाहीं. तेथें वरील प्रयोगाचा उत्तरार्ध उपयोगी पडतो: फुंकर चालूच ठेवली तर दुधाळ निवळी पुन्हां नितळ होते. मृत प्रवाळाच्या खडींतून कार्बन डायऑक्साइडयुक्त पाणी फिरवून खडी विरघळविणारीं यंत्रें याच तत्त्वावर चालतात. दोनशें लिटरांस तो खर्च उगाच.

पानाचा किंवा भिंतीचा चुना यासाठीं वापरूं नये. त्यांत काय मिसळलें असेल याचा नेम नाहीं. शुद्ध चुनाहि मुलांच्या हातीं लागेल असा ठेवूं नये. डोळ्यांत गेल्यास तत्काळ पुष्कळ पाण्यानें धुवून डॉक्टर गांठावा.

हें वाचून येथील कोणी मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळ आणूं म्हणेल, त्यास सांगणें जरूर आहे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ पासून खडकाळ प्रवाळांचा समावेश आहे; जिवंत तर राहोच, मेलेला तुकडा आणणेंहि गुन्हा होय.

भगिनींस एक विनंती. टाकीशेजारीं वही टांगावी आणि निवळी घालण्याचें काम घरांतील एकाच माणसाकडे द्यावें. तो परगांवीं जाईल तेव्हां वही दुसऱ्याच्या हातीं देऊन जावें. सहा आठवड्यांनीं लवणता, अल्कता व कॅल्शियम यांचे आकडे कळवावे. त्यांवरून निवळी वाढवावी कीं कसें, तें लिहीन.