जेटपर्यंत हात पोहोचू द्या

गाडी वरच्या थ्रॉटलला ओढत नाही, अर्ध्यावर मिसिंग करते, प्लग काळा पडतो. मातीत गाडी घालणाऱ्या प्रत्येकाला हे कळतं. जेट बदलला पाहिजे हेही कळतं. तरी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणत सगळा मोसम चुकीच्या जेटवर निघतो. आळस हे त्याचं खरं कारण नाही. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला नखाएवढा पितळेचा तुकडा, तो फिरवायला मिनिटभर पुरतं. जीव जातो तो त्याच्यापर्यंत पोहोचण्यात: सीट काढा, टाकी उचला, क्लॅम्प सोडवा, बोटं पेट्रोलने भिजवा आणि शेवटी बाउलचा स्क्रू आपला स्लिप झालेला.

म्हणून विनंती अशी, की जेट निवडायच्या आधी जेटची वाट मोकळी करा. घरी, सावलीत, एक संध्याकाळ त्यासाठी द्या. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स आल्यापासून नव्या गाड्या बहुतेक इंजेक्शनच्याच निघतात. पण आपल्याकडच्या डर्ट ट्रॅकवर अजून आरएक्स १०० आहे, इम्पल्स आहे, कुणाकडे बाहेरून आणलेली मोटोक्रॉसची गाडी आहे. हे त्या कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी.

सुरुवात फ्लोट बाउलच्या स्क्रूपासून करा. जपानी कार्बोरेटरच्या स्क्रूवरची अधिकची खाच आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हरसाठी कापलेली नसते. तिला जेआयएस म्हणतात. दोन्ही दिसायला सारखी, पण फिलिप्सचं टोक त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की ते वर सरकतं आणि खाच गोल करून टाकतं. असं दोन-तीनदा झालं की पक्कड लावण्यावाचून इलाज उरत नाही. तेव्हा स्क्रू धड आहेत तोवरच जेआयएस टोकाचा ड्रायव्हर घेऊन ते काढा आणि त्याजागी ॲलन-कीचे स्टीलचे स्क्रू बसवा. जुना स्क्रू खिशात घालून दुकानात जा. पुण्यात असाल तर नाना पेठेत हे काम एका फेरीत होतं. जाडी, आटे आणि लांबी तिन्ही जुळवून घ्या. लांबीकडे विशेष बघा. स्क्रू जास्त लांब असला तर तो भोकाच्या तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं घट्ट बसला, आणि बाउल पाझरत राहतो. कार्बोरेटरची बॉडी मऊ धातूची असते, त्यामुळे ॲलन-की आखूड बाजूने धरून बोटांच्या जोरानेच आवळा. आटे एकदा गेले की स्क्रूचा खर्च स्वस्त वाटायला लागतो.

आरएक्सवाल्यांनी कार्बोरेटर पूर्ण बाहेर काढायची गरज नाही. पुढचा-मागचा क्लॅम्प ढिला केला की तो जागच्या जागी तिरका फिरवून बाउल बाजूने उघडता येतो. मात्र क्लॅम्पचे स्क्रू बाजूने हात पोहोचेल असे वळवून बसवलेले हवेत, आणि मागचा रबर कडक झाला असेल तर तो बदललेला हवा. दगडासारख्या रबरात कार्बोरेटर परत बसवताना होणारी झटापट हेच निम्मं दुखणं आहे. शिवाय तो रबर चिरला असेल तर तिथून धूळ आत जाते आणि जेटचा सगळा हिशेब खोटा ठरतो. फिरवताना ऑईल पंपाची बारीक नळी ताणली जात नाही ना, तेवढं पाहा. ती निसटली आणि लक्षात आलं नाही, तर पिस्टन धरलाच.

मोटोक्रॉसच्या फोर-स्ट्रोक गाड्यांवर केहिनचा एफसीआर कार्बोरेटर असेल तर तुमचं काम कंपनीनेच हलकं केलंय. बाउलच्या तळाला १७ मि.मी.चा मोठा प्लग आहे. पेट्रोल बंद करा, खाली डबा धरा, प्लग काढा; बरोबर वर मेन जेट दिसतो. ६ मि.मी.चा सॉकेट लावला की जेट हातात. प्लगची ओ-रिंग फुगली किंवा चिरली असेल तर नवी घाला. याच कार्बोरेटरचा फ्युएल स्क्रू मात्र इंजिनाच्या बाजूला खाली अशा अडचणीत आहे, की गरम इंजिनात हात भाजल्याशिवाय तो फिरत नाही. त्यासाठी लांब दांड्याचा, बोटाने फिरणारा स्क्रू मिळतो; तो जरूर घ्या. जुना काढताना स्प्रिंग, वॉशर आणि इवलीशी ओ-रिंग असे तीन नग बाहेर यायला हवेत. वॉशर आणि ओ-रिंग बहुधा भोकातच चिकटून राहतात आणि नव्या स्क्रूबरोबर दुसरी जोडी चेपली जाते. मग माणूस स्क्रू फिरवत बसतो आणि गाडी दाद देत नाही.

पायलट जेटसाठी वेगळा ड्रायव्हर बाळगा. त्याचं पातं जेटच्या खाचेत अंगाबरोबर बसेल असं ग्राइंडरवर घासून घ्या. पितळ मऊ असतं, अरुंद पात्याने खाचेचा कोपरा तुटतो. भोक साफ करायला तार किंवा सुई घालू नका, ते मोठं होतं आणि जेटवरचा आकडा नुसता शोभेला उरतो. फुंकर किंवा हवेचा पाइप पुरे. मिकुनी आणि केहिनच्या आकड्यांची मोजपट्टी एक नाही, त्यामुळे दोघांचे जेट एका डबीत ठेवू नका. नकली जेटांपासून तर लांबच राहा. आकडा सारखा असूनही दोन नगांत फरक निघतो, आणि मग आपण नक्की काय बदललं हेच कळत नाही.

वाट मोकळी झाली की दिसेल तो जेट बदलायचा मोह होतो. तिथे थांबा. आधी एअर फिल्टर धुवा. मग ग्रिपवर आणि शेजारच्या थ्रॉटल हाउसिंगवर टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा, आणि गाडी कुठल्या खुणेवर अडखळते ते पाहा. पावपर्यंत मुख्यतः पायलट जेट, पाव ते पाऊण निडल, त्यापुढे मेन जेट. खाली अडखळणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: तारीख, हवा, जागा, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. निडलची क्लिप वरच्या खाचेत घातली की निडल खाली जाते आणि पेट्रोल कमी होतं. हे उलटं लक्षात ठेवणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हेही वहीत लिहा.

पेट्रोलशी खेळ आहे हे विसरू नका. सायलेन्सर गार होऊ द्या, उजेडासाठी बॅटरी वापरा, आणि बिडी-सिगारेटवाल्या मित्राला चहाला पाठवा.

पुण्याहून कोकणात उतरलात तर सहसा काही बदलावं लागत नाही. लेहचं वेगळं. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे आणि खारदुंगला ५३०० च्या वर. तिथे हवा विरळ, त्यामुळे गाडीला पेट्रोल जास्त होतं आणि ती गुदमरते. कार्बोरेटरची गाडी नेणार असाल तर दोन लहान मेन जेट, ॲलन-की, सॉकेट आणि एक जादा बाउल गॅस्केट डबीत बांधून न्या. आणि खाली उतरल्यावर, घाई कितीही असो, मोठा जेट परत बसवा. वर जास्त पेट्रोलने गाडी नुसती रडते. खाली कमी पेट्रोलने टू-स्ट्रोकचा पिस्टन जातो.