टाइपरायटर गेला, त्याची खोड राहिली

2023 साली आपल्या बीड जिल्ह्यात कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना केवढा भाव आला ते सगळ्यांनी पाहिलं. कागद समोर होता, वाचणारा मिळेना. तसलीच एक रास आपण कॉम्प्युटरवर नव्यानं रचतोय. कसं ते सांगतो, पण आधी टाइपरायटरकडे जावं लागेल.

यंत्र मुळात इंग्रजीसाठी घडलेलं. कळा पन्नासच्या आत, शिफ्ट धरून चिन्हं नव्वदच्या आसपास. त्यात आपली व्यंजनं, काना-मात्रा, जोडाक्षरं कोंबायची. रेमिंग्टन, गोदरेजवर ज्यांनी बोटं झिजवली त्यांना यातली तोड पाठ आहे. 'ख', 'भ', 'श' यांना अख्खी कळच नाही. अर्धं अक्षर उमटवा, मग काना मारा. मात्रा-अनुस्वार मारताना कॅरेज पुढे सरकत नाही, म्हणून ते डोक्यावर बसतात. आणि 'कि' लिहायचं तर वेलांटी आधी, 'क' नंतर. बोलतो त्याच्या उलट!

हा पेच काही एकट्या देवनागरीचा नव्हता. कोरियन लिपीत व्यंजन-स्वर एकाच चौकोनात रचतात. तिथं कोंग ब्योंग-उ या डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1949 च्या सुमारास सुरुवातीचं व्यंजन, स्वर आणि शेवटचं व्यंजन असे कळांचे तीन संच केले. अक्षर ओबडधोबड दिसे, पण वेग मिळाला.

लोखंडात ही युक्ती अफलातूनच. पण कॉम्प्युटरला तिची गरज नव्हती. तरी कृतिदेवसारख्या फॉन्टांनी तीच उचलली. पडद्यावर 'बीड' दिसतं, फाइलमध्ये मात्र सी, एच, एम ही तीन रोमन अक्षरं साठतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडा, नुसता कचरा. मी एका ग्रामपंचायतीचा जुना ठराव मेलवर मागवला, तर हाच कचरा हातात आला. त्यात गावाचं नाव शोधायची सोय नाही, गट नंबरही धड लागेना. कन्व्हर्टर आहेत की, म्हणाल. आहेत, पण मुळात कोणता फॉन्ट होता ते ठाऊक पाहिजे आणि नंतर जोडाक्षरं तपासायला माणूस बसवावा लागतो.

जुन्या टायपिस्ट मंडळींनी घाबरू नये. बोटांची सवय मोडायची नाही. युनिकोडमध्येही रेमिंग्टनचा कळफलक मिळतो. आपली पोरं क्लर्क-टायपिस्टच्या जागेसाठी मिनिटाला मराठी 30 शब्दांचं सर्टिफिकेट काढतात, त्यासाठी आईबाप क्लासची फी भरतात. त्या क्लासात वेग शिकवतात तशी फाइल युनिकोडमध्ये ठेवायलाही शिकवा ना.

आणि जिल्हा परिषदेनं, तहसीलनं एवढं करावं: आजपासून एकही ठराव, एकही नोटीस जुन्या फॉन्टात स्वीकारू नये. मागचं साठलेलं आहे ते बदलून घ्यायला माणसं नेमावीत, ते टाइप करणारे अजून नोकरीत आहेत तोवर.