संशोधकाला ‘नाही’ म्हणण्याआधी

आरोग्य केंद्रात केसपेपर काढून तुम्ही बाकड्यावर बसला आहात. नैराश्याचा अभ्यास करणारं कुणीतरी शेजारी येऊन विचारतं, ‘गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असे किती दिवस गेले? झोप लागते का? आपण घरच्यांच्या काही उपयोगाचे नाही, असं वाटतं का?’ अशा वेळी ‘आम्हाला काही वेड लागलेलं नाही’ म्हणून उठून जाऊ नका. दहा मिनिटं बसा, समोरचा माणूस काय सांगतो ते ऐकून घ्या आणि मग त्या अभ्यासात भाग घ्यायचा का ते ठरवा. नैराश्याचा कोणता उपचार आपल्या माणसांना लागू पडतो, हे शोधणारं काम आपल्याकडे आधीच थोडं होतं. त्यातही लोक पुढे आले नाहीत, तर जे चाललं आहे तेही अर्धवट राहील.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याचं राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. साधारण वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठल्याचं त्यात दिसलं आणि नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना कोणताच उपचार मिळत नव्हता. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, गोवाही नव्हता, म्हणजे आपल्याकडचं चित्र त्यात आलंच नाही. आपल्याकडचा आजारी माणूस डॉक्टरांना ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगतच नाही. अंग दुखतं, डोकं जड होतं, अशक्तपणा आहे, डोक्यात विचार फार येतात, असं सांगतो. मग ताकदीचं इंजेक्शन मिळतं, फार तर एखादी सलाईन. पुढच्या महिन्यात तो पुन्हा त्याच रांगेत उभा असतो.

लोक पुढे आले तर काय हाती लागतं, हे गोव्याने दाखवून दिलं आहे. ‘संगत’ या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. हे सगळे जण बऱ्यापैकी तीव्र नैराश्यातले होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांना त्यांच्याच जोडीला सहा ते आठ बैठकांचं समुपदेशन मिळालं. समुपदेशन करणारे स्थानिक होते, मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेले. या कामासाठीच त्यांना शिकवून तयार केलं होतं.

या बैठकांत नेमकं होतं काय? समजा, एखाद्या बाईने शेजारीपाजारी जाणं सोडलंय, देवळात जाणं सोडलंय, दिवसभर पडून असते. समुपदेशक तिला ‘आनंदी राहा’ असं सांगत बसत नाही. पूर्वी काय केलं की बरं वाटायचं, हे विचारतो आणि त्यातलं सगळ्यांत सोपं काम दोघं मिळून निवडतात. मंगळवारी सकाळी अबोलीच्या रोपांना पाणी घालायचं, एवढंच. त्याआधी मन कसं होतं, नंतर कसं वाटलं, याची नोंद ठेवायची. पुढच्या बैठकीत ती नोंद पाहून पुढचं पाऊल ठरतं, आणि नाहीच जमलं तर काय आड आलं, ते शोधलं जातं. मन उभारी धरेल तेव्हा काम करू, असं म्हणत थांबायचं नाही. आधी काम, मग मन, हा या उपचाराचा गाभा आहे.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. वर्षानंतरही फरक टिकून होता. मला मात्र त्या चाचणीतला आणखी एक आकडा फार मोलाचा वाटतो: तीन महिन्यांनंतरच्या मुलाखतीला सुमारे ९५ टक्के लोक हजर होते. बरं वाटलेले आले आणि न वाटलेलेही आले. म्हणूनच त्या निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो. समजा, ज्यांना गुण आला नाही ते घरीच बसले असते, तर कागदावर उपचार आहे त्याहून सरस दिसला असता आणि तोच पुढे हजारोंना दिला गेला असता. म्हणून कळकळीने सांगतो, भाग घेतलात आणि उपचार मधेच सोडावासा वाटला तर जरूर सोडा, तो तुमचा हक्क आहे. पण शक्य असेल तर शेवटच्या मुलाखतीला या. ‘मला काहीच फरक पडला नाही’ हे तुमचं वाक्य संशोधनाला हवं आहे.

विदर्भातलं उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रम चालला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे मोठंच काम आहे. पण तुलनेला दुसरी गावं नव्हती, त्यामुळे हे सगळं उपक्रमामुळेच झालं, असं ठामपणे म्हणता येत नाही. तुलनेसाठी दोन गट लागतात ते याचसाठी. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, त्यात डॉक्टरांची मर्जी चालत नाही.

‘आमच्यावर प्रयोग करणार का?’ ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. या देशात गरिबांना नीट न सांगता चाचण्या झाल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सरकारला धारेवर धरलं. त्यानंतर नियम कडक झाले, २०१९ मध्ये नवी नियमावली आली. तेव्हा डोळे झाकून हो म्हणू नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, न कळलेलं पुन्हा विचारा. नीतिसमितीची मंजुरी आहे का? चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत या चाचणीचा क्रमांक काय? औषधाची चाचणी असेल आणि तुलनेच्या गटात मला नुसती बिनऔषधाची गोळी मिळाली, तर माझी प्रकृती कोण पाहणार? नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद कायद्यात आहे. ती कागदावर कुठे लिहिली आहे, तेही बघा. पैसे मागितले किंवा सही करण्याची घाई केली, तर सरळ उठून या. आणि चालू असलेल्या गोळ्या कोणत्याही चाचणीसाठी आपल्या मनाने बंद करू नका.

घरच्यांनो, सुनेच्या, आईच्या, मुलाच्या वतीने तुम्ही परस्पर नकार देऊ नका. बैठकीच्या दिवशी सुनेला किंवा आईला स्वयंपाकातून मोकळं करा, एसटीचं भाडं हातावर ठेवा आणि तिकडे काय बोललीस म्हणून खोदून विचारू नका. डॉक्टरांनो, तुमच्या भागात असा अभ्यास चालू असेल तर रुग्णाला त्याची माहिती द्या. बचत गटांनी आणि ग्रामपंचायतींनी बैठकीसाठी एक खोली द्यावी, जिथे खिडकीतून कुणी डोकावणार नाही.

ज्यांच्या मनात आत्ता जीव देण्याचे विचार येत आहेत, त्यांनी कुठल्याही अभ्यासाची वाट पाहू नये. ‘टेली मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. नाहीतर जवळच्या माणसाला आत्ताच सांगा आणि त्याला घेऊन सरकारी रुग्णालय गाठा.