मालवणचे प्रवाळ आणि सेवेची सहल

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या माझ्या नातीने माझ्यापुढे एक रंगीत पत्रक ठेवले. ती ज्या शाळेत अकरावीत शिकते त्या शाळेचे ते पत्रक. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी पत्रके आता अनेक शाळा काढतात. पाच दिवसांच्या ‘सेवा-सहली’चा आराखडा त्यात होता. मालवणला जावयाचे, तारकर्लीच्या एका निवासात उतरावयाचे, पाण्यात उतरून प्रवाळ पाहावयाचे, दोन सकाळी किनाऱ्यावरील प्लास्टिक गोळा करावयाचे आणि अखेरीस ‘प्रवाळ-रक्षक’ म्हणून प्रमाणपत्र घ्यावयाचे. खाली शुल्काचा आकडा. आमच्या तासगावात द्राक्षबागेत विरळणी आणि डिपिंग करणाऱ्या बाईस तेवढी मजुरी मिळविण्यास हंगामाचे अडीच महिने तरी राबावे लागेल, हा हिशेब अर्थशास्त्र शिकविण्याच्या जुन्या खोडीने मी मनातल्या मनात करून टाकला. नातीला तो सांगितला नाही. तिची तळमळ खरी होती. “आजोबा, प्रवाळ मरतायत, तुम्हांला माहीत आहे का?” असे तिने विचारले, तेव्हा तिच्या स्वरात सहलीची हौस नव्हती.

प्रवाळ मरत आहेत ही गोष्ट खरीच आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. असंख्य सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत असते. त्यांच्या शरीरात एकपेशीय शैवाल वस्ती करून राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि आपल्या यजमानास त्यातील मोठा वाटा देते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले की हा सहवास मोडतो. शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढरे पडते, आणि उष्णता लवकर ओसरली नाही तर उपासमारीने मरते. १९९८ साली जगभर असे घडले; २०१० मध्ये पुन्हा घडले; २०१४ ते २०१७ या काळात तिसऱ्यांदा घडले; आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. आपल्या लक्षद्वीपची बेटे या प्रत्येक तडाख्यात सापडली. कोळसा आणि तेल जाळून माणसाने जी अधिकची उष्णता पृथ्वीवर कोंडली, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे. मालवणच्या गाबीत मच्छीमाराने ती उष्णता निर्माण केलेली नाही. मात्र संरक्षणाच्या योजना आखल्या जातात तेव्हा पहिला निर्बंध त्याच्या जाळ्यावर येतो.

आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना मालवणचा हा इतिहास ठाऊक असावयास हवा. दुर्दैवाने घाटावरील आपल्यापैकी फारच थोड्यांना तो आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र ‘मालवण सागरी अभयारण्य’ म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे एकमेव सागरी अभयारण्य. त्यातील सुमारे ३ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा आहे. लक्षद्वीपसारखी सलग प्रवाळभिंत येथे नाही. खडकांना धरून वाढणारे, गोळ्यांसारखे, गढूळ पाण्याची सवय असलेले प्रवाळ येथे तुरळक ठिगळांच्या रूपाने आढळते. असे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढते. ज्या पाण्यात ते वाढते त्याच पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणाऱ्या, लहान होडीने मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचे पोट आहे. त्यांच्याशी पुरेशी मसलत न करता नकाशावर रेषा ओढली गेली. साहजिकच विरोध झाला, आणि तो आजही पुरता शमलेला नाही. चार दशके होत आली; अभयारण्य बव्हंशी कागदावर राहिले आणि मच्छीमारांच्या मनात मात्र ‘उद्या आपल्याला येथून उठवतील’ ही धास्ती कायमची घर करून बसली. संरक्षणही नाही आणि विश्वासही नाही, अशी ही दुहेरी हानी आहे.

याच काळात दुसरीकडे काय झाले ते पाहावे. परसीन जाळी आणि विजेच्या प्रखर दिव्यांनी मासे गोळा करणाऱ्या यांत्रिक बोटी किनाऱ्यालगत येऊ लागल्या. पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. २०१६ साली राज्य शासनाने परसीन मासेमारीवर निर्बंध घातले आणि २०१७ साली केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. पण मच्छीमार आजही तक्रार करतात की बंदी आदेशात आहे, समुद्रात नाही. मासा घटला तशी तरुण पिढी पर्यटनाकडे वळली. किल्ल्याच्या आसमंतात स्नॉर्केलिंगच्या होड्या उभ्या राहू लागल्या. मुखवटा लावून पाण्यात तोंड घातले की प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकला जातो. पोहता न येणारा पाहुणा घाबरला की पायाखाली येईल त्या खडकावर उभा राहतो, आणि तो खडक पुष्कळदा जिवंत प्रवाळ असतो. होडीचा नांगर पडतो तोही त्यावरच. ज्या तरुणाच्या बापाची रापण रिकामी येऊ लागली त्याने होडीत पाहुणे बसविले, यात त्याचा दोष काढण्यास मी तयार नाही. परंतु प्रवाळाच्या दृष्टीने पाहता, हौशी पर्यटकाचा पाय आणि सेवेच्छू विद्यार्थ्याचा पाय यांत काडीचाही फरक नाही.

आता या ‘सेवे’चा विचार करू. प्रवाळ हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येते, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण त्याला कायद्याने आहे. ते तोडणे वा उचलणे हा गुन्हा आहे. पुनर्रोपणाचे काम करावयाचे तर शासनाची अनुमती, वर्षांचा अभ्यास आणि पाण्याखाली स्थिर राहण्याचे कसब लागते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात जो प्रकल्प झाला त्यात प्रवाळाचे तुकडे सिमेंटच्या चौकटींवर लावण्याचे प्रयोग शास्त्रज्ञांनी केले. ते काम शाळेच्या सहलीने करण्याजोगे नव्हते. मग पाच दिवसांसाठी आलेला, बहुधा पहिल्यांदाच समुद्रात उतरणारा विद्यार्थी पाण्याखाली प्रवाळाची कोणती सेवा करणार? मी बराच विचार केला. मला एकही सापडली नाही. तो पाहू शकतो, शिकू शकतो, त्याला आनंद होऊ शकतो. हे सर्व चांगलेच आहे. पण त्याला सहल म्हणावे.

सहलीला सेवा का म्हटले जाते, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेताना सेवाकार्याचा दाखला उपयोगी पडतो. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या काही शाळांत तर सेवा हा पदविकेचाच आवश्यक भाग आहे. मागणी निर्माण झाली की पुरवठा करणारे व्यापारी येतातच. कॅरिबियन बेटांपासून फिलिपाईन्सपर्यंत, शुल्क भरून ‘प्रवाळ वाचविण्यास’ येणाऱ्या विद्यार्थ्यांचा मोठा धंदा उभा राहिला आहे, आणि त्याची नक्कल आता आपल्या किनाऱ्यावर येत आहे. सेवा ही विकत घेण्याची वस्तू झाली की तिचा ग्राहक कोण, हे नीट पाहावे लागते. ज्याच्यासाठी ती केली जाते त्याला येथे मत नाही. जो पैसे भरतो त्याचे समाधान हाच मालाचा दर्जा ठरतो. म्हणूनच पत्रकात पाण्याखालची छायाचित्रे असतात, आणि किनाऱ्यावर कुजलेल्या जाळ्यांचे तुकडे सोडविण्याचे कंटाळवाणे काम नसते.

मात्र येथे थोडे आपल्या घरातही डोकावले पाहिजे, नाहीतर हा लेख परोपदेशाचा ठरेल. शिबिरांची परंपरा आपलीच आहे. राष्ट्र सेवा दलाची शिबिरे, १९६७ पासूनची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, १९६९ साली सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना, या सर्वांनी महाराष्ट्रातील तरुणांच्या तीन पिढ्या घडविल्या. त्यांतून मीही गेलो आहे. महाविद्यालयात असताना एका खेड्यात दहा दिवस खपून आम्ही रस्ता केला. रात्री गाणी झाली, समारोपाला सरपंचांचे भाषण झाले, आमचे डोळे पाणावले. पुढल्या पावसाळ्यात रस्ता वाहून गेला. तो कोठून काढावा हे आम्ही गावाला विचारलेच नव्हते. गावकऱ्यांनीही, शहाणी माणसे ती, पाहुण्यांचा हिरमोड नको म्हणून सांगितले नव्हते. खिशातून शुल्क भरले नव्हते एवढाच काय तो आमच्यात आणि माझ्या नातीच्या शाळेत फरक.

याच्या उलट अनुभव मला पुढे तरुण अध्यापक असताना आला, आणि तो आमच्या येरळा नदीच्याच काठी आला. मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार आणि दुष्काळाने गांजलेले शेतकरी यांनी खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. वाळूचे ठेकेदार नदी उपसून नेत होते. बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरविले की वाळू आपली, ती मर्यादेत विकून आपणच आपले धरण बांधू. पाणी मिळेल ते जमिनीच्या मापाने नव्हे तर माणसांच्या हिशेबाने, भूमिहीनांसह सर्वांना. ते बळीराजा स्मृती धरण. माझ्याबरोबर काही विद्यार्थी तेथे श्रमदानास आले होते. त्यांना कोणी ‘रक्षक’ म्हटले नाही. कोठे खणावयाचे हे गावकरी सांगत, चुकले तर रागावत. रात्री पाणीवाटपावर जी भांडणे होत ती आम्ही कोपऱ्यात बसून ऐकत असू. अर्थशास्त्राच्या पुस्तकात सामुदायिक मालमत्तेवरचे प्रकरण मी त्यानंतर कधीही पूर्वीसारखे शिकवू शकलो नाही. विद्यार्थी तेथे उपयोगी पडले, कारण काम त्यांच्यावाचूनही चालूच राहणार होते.

नाताळात मी मालवणला जाऊन आलो. नातीच्या प्रश्नाचे उत्तर पत्रकावरून देणे बरे वाटेना. सांगली, कोल्हापूर, फोंडा घाट असा एस.टी.चा प्रवास या वयात सुखाचा नाही, पण दांडीच्या किनाऱ्यावर दोन संध्याकाळी बसावयास मिळाले. जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध रापणकराने माझे येण्याचे कारण ऐकून घेतले आणि सुई न थांबविता म्हटले, “मास्तरानू, पोरां येतत, फोटो काढतत नि जातत. आमका कोण इचारता?” मी विचारले, विचारावयाचे म्हणजे काय? तेव्हा तो पाऊण तास बोलला. कोणत्या महिन्यात पाणी कोठे स्वच्छ असते, कोणत्या खडकाजवळ पूर्वी कोणता मासा लागत असे आणि आता लागत नाही, कार्ली खाडीतील वाळू उपसल्यावर देवबागच्या किनाऱ्याचे काय झाले. वाळूचे नाव निघताच मी सावध झालो. येरळेची वाळू आणि कार्लीची वाळू वेगळी असली तरी ती नेणारा एकाच जातकुळीचा आहे. उपशाने ढवळलेला गाळ प्रवाळावर बसला तर त्याचा सूर्यप्रकाश तुटतो, हे शास्त्र त्या वृद्धाने मला शास्त्राचे नावही न घेता समजावून दिले.

तेव्हा विद्यार्थ्यांनी मालवणला जाऊ नये असे मी म्हणत नाही. जरूर जावे; पण रापणकरांच्या संघटनांनी बोलाविले म्हणून जावे आणि त्यांनी सांगितलेले काम करावे. होड्यांनी नांगर टाकू नयेत म्हणून कायमचे तरंगते खुंट बसविण्याची मागणी आहे. तिच्यासाठी नोंदी लागतात, दिवसाला किती होड्या, कोठे थांबतात. ही मोजणी विद्यार्थी करू शकतात, आणि तिला पाण्यात उतरावे लागत नाही. वृद्ध मच्छीमारांच्या आठवणी लिहून घेता येतील. अभयारण्याच्या फेरविचाराची वेळ येईल तेव्हा वनखात्यापुढे ठेवण्यास तेवढाच त्यांचा पुरावा असेल. किनाऱ्यावर वाहून आलेली नायलॉनची जाळी सोडवून गोळा करता येतील. पुढल्या वर्षी तीच मुले, निदान तेच महाविद्यालय, पुन्हा जावे, कारण एका वर्षाच्या आकड्याला अर्थ नसतो. राष्ट्रीय सेवा योजनेचा विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास देतो. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांनी किनाऱ्यावरील महाविद्यालयांशी जोड करून या तासांचा काही भाग तेथे दिला, तर एकाही पालकाला शुल्क भरावे लागणार नाही.

आपल्या तालुका शाखांनी आणखी एक गोष्ट मनावर घ्यावी. द्राक्षबागांवर फवारलेली औषधे आणि ओतलेली खते पावसाबरोबर येरळेत आणि तेथून कृष्णेत उतरतात. कृष्णा पूर्वेला जाते, मालवणला नाही. त्यामुळे मालवणच्या प्रवाळाचे पाप आमच्या बागांवर लादता येणार नाही. परंतु नदीचे पाणी तपासण्यास शिकलेला विद्यार्थीच खाडीचे पाणी तपासू शकेल, आणि ते शिकण्यासाठी त्याला तासगावबाहेर जावे लागत नाही.

नातीला मी हे सर्व सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग प्रमाणपत्र कोण देणार?” प्रश्न रास्त होता, तिच्या जगात त्याला किंमत आहे, आणि ते जग तिने निर्माण केलेले नाही. मी म्हटले, तो रापणकर देईल, पण त्याला आधी तुला ओळखावे लागेल. त्या सहलीचे शुल्क आम्ही भरले नाही. मे महिन्याच्या आरंभी, समुद्र खवळण्यापूर्वी, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी माझ्याबरोबर एस.टी.ने दांडीला येणार आहेत. होड्या मोजण्याची वही तिने आखून ठेवली आहे.