नादुरुस्त दुर्बीण आणि आपण

आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत 'नादुरुस्त' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. एखादे उपकरण अपेक्षेप्रमाणे चालले नाही की त्यावर या शब्दाची चिठ्ठी लागते, उपकरण कपाटात जाते आणि दोन-चार वर्षांनी जडसंग्रह नोंदवहीतून त्याचे नाव कमी करण्याचा ठराव होतो. नेमके काय बिघडले होते, हे मात्र त्या चिठ्ठीवर कधीच लिहिलेले नसते. संगणकचलित दुर्बिणीच्या बाबतीत हा प्रकार मी आपल्या हैदराबाद शहरात एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : दुर्बीण नादुरुस्त ठरविण्याचा अधिकार तिचा बिघाड शोधून पाहणाऱ्यालाच असावा, आणि बिघाड शोधणे हे केवळ मेकॅनिकचे काम नसून विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे पहिले काम आहे.

कला आणि वाणिज्य शाखेच्या वाचकांसाठी प्रथम थोडा खुलासा करतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तारे तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकताना दिसतात. दुर्बिणीतून दिसणारा आकाशाचा तुकडा जेमतेम एक अंशाचा असेल, तर त्याच्या मध्यावर आणलेला तारा दोन-तीन मिनिटांतच काठावरून निसटतो. म्हणून दुर्बिणीची नळी ज्यावर बसते त्या बैठकीला दोन मोटारी असतात आणि त्यांना हुकूम देणारा एक छोटा संगणक असतो. हातातल्या यंत्रावर 'शनी' असे नाव निवडले की नळी घरघरत शनीकडे वळते आणि त्याच्या मागे मागे सरकत राहते. नवख्या माणसाला ही जादूच वाटते.

परंतु या जादूगाराच्या डोळ्यांवर पट्टी आहे! महाविद्यालये सहसा घेतात त्या प्रकारच्या बैठकीला आकाश दिसत नाही. आपण तिला तारीख, वेळ आणि ठिकाण सांगतो, एक-दोन ओळखीचे तारे दाखवितो. त्यानंतर ती मोटारींचे फेरे मोजते आणि त्या हिशेबावर चालते. अंधारात जिना उतरणारा माणूस पायऱ्या मोजत उतरतो, तसेच हे. मोजणी कितीही बिनचूक असली तरी आरंभाची पायरीच चुकीची सांगितली, तर तो भलत्याच मजल्यावर पोहोचणार. त्यात त्याच्या पायांचा दोष नाही.

आता पाहा. अशी पुष्कळ यंत्रे अमेरिकेतील ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून बनविलेली असतात, आणि तिकडे आधी महिना व मग दिवस लिहिण्याची रीत आहे. समजा, ५ फेब्रुवारीच्या रात्री नऊ वाजता आपण आपल्या पद्धतीने तारीख भरली आणि यंत्राने ती २ मे अशी वाचली. या दोन तारखांत ८६ दिवसांचे अंतर आहे. तारे दररोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात, म्हणजे यंत्राचा हिशेब साडेपाच तासांहून अधिक पुढे गेला. हैदराबादेत त्या वेळी मृगातील काक्षीचा तारा जवळजवळ डोक्यावर असतो. पण यंत्र नळी पश्चिमेकडे झुकवून क्षितिजापासून दहाएक अंशांवर, शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे रोखते. पाहणारा म्हणतो, मोटार बिघडली. मोटारीने तर हुकमाची तामिली अक्षरशः केली आहे!

हीच गोष्ट वेळेची आणि ठिकाणाची. आपली प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यातला अर्धा तास भरायचा राहिला, तर चूक साडेसात अंशांची, म्हणजे पौर्णिमेचे पंधरा चंद्र एका ओळीत मांडावेत एवढी होते. आपल्याकडे नसलेली 'उन्हाळी वेळ' चालू राहिली तर पंधरा अंशांची. हैदराबादचा रेखांश पूर्वेस सुमारे ७८॥ अंश. तो पश्चिमेस म्हणून भरला, तर यंत्र स्वतःला कॅरिबियन समुद्रात समजते. ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखावी लागणारी बैठक असेल तर आणखी एक अडचण येते. माहितीपुस्तकातील चित्रात ध्रुवतारा आकाशात चांगला उंच दाखविलेला असतो, कारण ते चित्र उत्तरेकडील देशांचे असते. आपल्याकडे तो अवघा साडेसतरा अंश वर, बहुधा एखाद्या झाडाआड असतो.

काही बिघाड खरोखरच यंत्रातले असतात, हे मी नाकारीत नाही. पण त्यांनाही बोलके लक्षण असते. नळी जलद वळताना मध्येच यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, पण सावकाश नीट चालत असेल, तर संशय प्रथम विजेच्या पुरवठ्याचा घ्यावा. अशक्त बॅटरीचा दाब दोन्ही मोटारी एकदम धावू लागल्या की कोसळतो. आकडे फिरतात पण नळी हलत नाही, किंवा कमी हलते, तर क्लच घसरतो आहे किंवा एखादा ग्रब स्क्रू ढिला आहे. डावीकडून येताना तारा एका बाजूला आणि उजवीकडून येताना दुसऱ्या बाजूला राहतो, तर दातेरी चाकांत फट आहे. तारा हळूहळू एकाच दिशेने सरकत जातो, तर बैठकीची मांडणी चुकली आहे. तो ठरावीक काळाने पुढे-मागे झुलतो, तर दोष मोटारीने फिरणाऱ्या वर्मचा. चाकाला १८० दाते असतील तर हा झोका सुमारे आठ मिनिटांचा. डॉक्टर ताप पाहून एकदम शस्त्रक्रिया सांगत नाही. तो चढतो केव्हा आणि उतरतो केव्हा, हे आधी विचारतो.

गेल्या हिवाळ्यातील एक उदाहरण देतो. एका महाविद्यालयात (नाव सांगण्याचे कारण नाही) दोन वर्षे कपाटात पडलेली दुर्बीण निकालात काढावयाची होती. तक्रार एवढीच, की 'तारे सापडत नाहीत'. दुरुस्ती करणाऱ्याने न पाहताच नवा सर्किट बोर्ड सुचविला होता आणि तो खर्च संस्थेला झेपणारा नव्हता. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील तीन विद्यार्थ्यांनी ती दुर्बीण एका आठवड्यासाठी मागून घेतली. मी बाजूला बसून पाहत होतो. त्यांनी पहिले दोन दिवस आकाशाकडे पाहिलेच नाही. दिवसाउजेडी प्रयोगशाळेतील टेबलावर बैठक ठेवून त्यांनी दोन्ही अक्षांवर कागदी पट्टीच्या खुणा केल्या आणि आकडा ९० अंशांनी पुढे जाईल इतके यंत्र फिरविले. उभ्या दिशेत नळी बरोबर ९० अंश वळली. आडव्या दिशेत सात-आठ अंश कमी पडली. क्लच घसरत होता. तो आवळला. रात्री गच्चीवर नेली, तरी तारा सापडेना! एकाने कंटाळून म्हटले, "सर, बोर्डच गेला असणार." दुसरीने मात्र वही उघडून यंत्रात भरलेली एकेक गोष्ट मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तारखेपाशी येऊन थांबली. महिना आणि दिवस यांची अदलाबदल झाली होती. अर्ध्या तासात त्यांच्या दुर्बिणीत मृगातील तेजोमेघ होता. खर्च शून्य रुपये.

यातील धडा मला तारखेपेक्षा मोठा वाटतो. तेथे दोन दोष एकाच वेळी होते. एक दूर केल्यावर यंत्र सुधारले नाही, म्हणून तो दोष नव्हताच असे होत नाही. आधीच्या लोकांनीही कदाचित यातला एक दोष काढला असेल, पण गुण दिसला नाही म्हणून हात टेकले असतील. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम लिहून ठेवावा आणि मग पुढे जावे, हा नियम आपण तर्कशास्त्राच्या तासाला घोकतो आणि प्रयोगशाळेच्या दारात विसरतो. मग रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असे चालते.

या शहराला तर याची मोठी परंपरा आहे. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली १५ इंची ग्रब दुर्बीण आणून निजामिया वेधशाळेचा पाया घातला. १९१९ साली ती वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे आली. साऱ्या आकाशाचा ताऱ्यांचा कोश तयार करण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यात हैदराबादने आपला वाटा उचलला आणि साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने बारा खंडांत प्रसिद्ध केली. तेव्हा संगणक म्हणजे आकडेमोड करणारा माणूस! त्या काळच्या दुर्बिणी घड्याळासारख्या यंत्रणेने फिरत. छायाचित्र घेताना खगोलज्ञ सोबतच्या नळीला डोळा लावून बसे आणि तारा तसूभर हलला की हाताने सावरी. यंत्र चुकणारच, हे गृहीत धरूनच ते काम करीत. पुढे १९६८ साली रंगापूर येथे ४८ इंची दुर्बीण उभी राहिली. प्रा. कृ. दा. अभ्यंकर यांच्यासारख्या खगोलशास्त्रज्ञाने याच विद्यापीठात विद्यार्थी घडविले, ही मराठी वाचकांना अभिमानाची बाब आहे. आणि निजामिया वेधशाळेतील एका साहाय्यकाचा मुलगा, आपल्या निजाम कॉलेजचा विद्यार्थी वेणू बाप्पू, पुढे भारतीय खगोलशास्त्राचा धुरीण झाला.

मोठ्या दुर्बिणींचे तरी वेगळे काय? १९९० साली हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि तिची चित्रे अंधुक आली. जगभर हसे झाले. तिला 'नादुरुस्त' म्हणून सोडून दिली असती तर? चित्रांतील दोष तपासता तपासता शास्त्रज्ञ मूळ कारणापर्यंत पोहोचले : आरसा घासताना तो तपासणाऱ्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी होते. चूक नेमकी कळली, म्हणूनच तिच्यावर १९९३ साली नेमका उतारा देता आला. कन्नड विभागातील मित्रांना हेही सांगावेसे वाटते की लडाखमधील हान्ले येथील दोन मीटरची दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालविली जाते. तिथे बिघाड शोधणाऱ्याला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धावता येत नाही. आधी डोके चालवावे लागते.

यावर काही आक्षेप येतील. कोणी म्हणेल, आता कॅमेऱ्याने तारे ओळखून स्वतःच दिशा सुधारणाऱ्या दुर्बिणी निघाल्या आहेत, मग ही उठाठेव कशाला? त्या निघाल्या आहेत हे खरे. पण त्यांनाही केबल आहे, चाके आहेत आणि बॅटरी आहे. शिवाय महाविद्यालयाने दुर्बीण घेतली ती केवळ शनीची कडी पाहण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे : "विद्यार्थ्यांच्या हाती महागडी वस्तू दिली आणि मोडली तर जबाबदार कोण?" हमीची मुदत चालू असता कोणी आतील भाग उघडू नये, हे मलाही मान्य आहे. पण वर सांगितलेल्या तपासण्यांपैकी बहुतेक झाकण न उघडता करता येतात. आणि कपाटात बुरशी धरणारे भिंग कोणाच्या जबाबदारीवर धरते?

म्हणून तीन साध्या सूचना करतो. पहिली, प्रत्येक दुर्बिणीसोबत एक वही असावी. कोणी, केव्हा, काय बदलले आणि काय घडले, हे तीत लिहिल्याशिवाय दुर्बीण परत घेऊ नये. दुसरी, पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिकांत एक प्रयोग मुद्दाम 'बिघडविलेल्या' उपकरणाचा ठेवावा आणि गुण दुरुस्तीला नव्हे, तर कारण शोधण्याच्या पद्धतीला द्यावेत. तिसरी, तपासणीचे एक पानी टिपण आपल्याच विद्यार्थ्यांनी मराठीत आणि कन्नडमध्ये तयार करून दुर्बिणीच्या पेटीत चिकटवावे. माहितीपुस्तक इंग्रजीत आहे एवढ्यानेच खेड्यांतून आलेली कितीतरी हुशार मुले त्या पेटीला हात लावायला बिचकतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

उपकरण निकालात निघते तेव्हा नोंदवहीतील एक ओळ तेवढी खोडली जाते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक वर्गाच्या वाट्याचे आकाश त्या ओळीबरोबर खोडले जाते. तेव्हा यापुढे कोणी 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी आणली, तर प्राध्यापकांनी तिच्यावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : काय बिघडले आहे, ते आधी लिहा. उत्तर लिहिता येत नसेल, तर दुर्बीण कपाटात जाता कामा नये. गच्चीवर गेली पाहिजे.