आधी स्विचचा दिवा बघा, मग टेक्निशियनला फोन लावा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानात किंवा छोट्या ऑफिसात नेटवर्क स्विच कसा जोडायचा ते बघितलं. आज त्याच्या पुढचं बोलू. स्विच जोडला, केबली खोचल्या, आणि एका कॉम्प्युटरवर नेट येतंय, दुसऱ्यावर नाही. किंवा बिल तयार होतंय, पण प्रिंटर गप्प. अशा वेळी बहुतेक जण टेक्निशियनला फोन लावतात आणि वाट बघत बसतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिली पंधरा मिनिटं मालकाचीच असली पाहिजेत.

हे मत मला पैसे मोजून मिळालंय. ट्रेनिंग सेंटर सुरू केलं त्या वर्षी सहा कॉम्प्युटर आणि आठ पोर्टचा एक साधा स्विच घेतला होता. एका रविवारी अकाउंटिंगची एक दिवसाची बॅच होती. आदल्या संध्याकाळी मी टेबलाखालचा केबलींचा गुंता आवरला. सकाळी बघतो तर सहाही मशीन बंद पडल्यासारखी. टेक्निशियन दुपारी चार वाजता आला. त्याने स्विचकडे बघितलं, एक केबल उपसली, आणि सगळं सुरू झालं! त्या केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये होती, आणि ती खोचली होती मीच. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याची व्हिजिट फी परवडली, पण बॅचची फी परत द्यावी लागली आणि त्यातले निम्मे लोक पुन्हा आलेच नाहीत.

काही जण म्हणतात, "सर, आमचं काम धंदा करणं आहे, तारा बघणं नाही." मान्य. पण रिक्षावाला मेकॅनिक नसतो, तरी स्टेपनी बदलतोच ना? पॅसेंजर बसलेला असताना तो मेकॅनिकची वाट बघत नाही. तुमच्या काउंटरसमोर उभं असलेलं गिऱ्हाईकही थांबत नाही.

मग पंधरा मिनिटांत काय बघायचं? क्रम महत्त्वाचा आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम हलवल्या, तर कशाने सुरू झालं ते कधीच कळत नाही.

पहिलं, दिवे. पॉवरचा दिवा लागत नसेल तर ॲडॅप्टर बघा. स्विच, राउटर, कॅमेरा यांच्या ॲडॅप्टरची पिन बऱ्याचदा सारखीच दिसते, पण एक पाच व्होल्टचा, दुसरा बारा व्होल्टचा असू शकतो. स्विचवर छापलेला आकडा आणि ॲडॅप्टरचा आकडा जुळवून बघा. मग ज्या पोर्टात केबल आहे त्याचा दिवा बघा. दिवा नाही म्हणजे जोडणीच नाही. सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. दोन्ही टोकं टक् आवाज येईपर्यंत बसवा. मग चालू असलेल्या मशीनची केबल लावून बघा, मग पोर्ट बदला.

दुसरं, लूप. सगळे दिवे एकत्र वेड्यासारखे लुकलुकतायत आणि सगळंच ठप्प आहे? माझ्यासारखा घोळ असू शकतो. एकच संदेश स्विचमध्ये गोल गोल फिरत राहतो आणि खऱ्या कामाला जागाच उरत नाही. साध्या स्विचला हे स्वतःहून थांबवता येईलच असं नाही. एकेक केबल काढत जा.

तिसरं, जागा. ही चूक फार होते. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील आणि नेटचं लॉगिन राउटरमध्ये टाकलेलं असेल, तर स्विच राउटरच्या पुढे नको, मागे हवा. म्हणजे फायबरचा डबा, मग राउटर, राउटरच्या लॅन पोर्टातून स्विच, आणि स्विचमधून कॉम्प्युटर. स्विच केबली वाटतो, नेटचे पत्ते वाटत नाही. ते काम राउटरचं.

चौथं, पत्ता. दिवा लागलाय, तरी नेट नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग टाइप करा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल आणि राउटर परत बघा. एका मशीनचा पत्ता १९२.१६८.०, दुसऱ्याचा १९२.१६८.१ असा दिसतोय? मग कोणीतरी जुना राउटर जोडलाय का बघा. दोन राउटर पत्ते वाटायला लागले की कॉम्प्युटरला प्रिंटर सापडत नाही. आणि पत्ता बरोबर आहे, राउटरचं पिंग येतंय, फक्त बाहेरचं नेट नाही? मग स्विच निर्दोष. फोन नेटवाल्याला करा.

पाचवं, वेग. गिगाबिट स्विच घेतला, पण विंडोज शंभरच दाखवतंय? गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात. एखादी तार टोकाला नीट बसलेली नसेल. कॉम्प्युटर जुना असेल तर त्याचीच मर्यादा शंभरची असू शकते. आणि गोडाऊनपर्यंत केबल नेताना लक्षात ठेवा, साधी लॅन केबल १०० मीटरपर्यंतच.

एवढं करून नाही जमलं तर जरूर टेक्निशियन बोलवा. भिंतीतली केबल, जळलेला पोर्ट ही त्याचीच कामं. पण तेव्हा तुम्ही "नेट चालत नाही" असं म्हणणार नाही. तुम्ही सांगाल, "तीन नंबरच्या पोर्टाला दिवा येत नाही, केबल बदलून बघितली, दुसऱ्या पोर्टात चालतंय." तो योग्य सामान घेऊन येईल, आणि गरज नसलेला नवा स्विच तुमच्या गळ्यात पडणार नाही.

आता गृहपाठ. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी एक तास काढा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नंबर टाका. कोणता नंबर कुठे जातो ते कागदावर काढून स्विचजवळ चिकटवा. नेटवाल्याचा फोन आणि तुमचा ग्राहक क्रमांक त्याच कागदावर लिहा. दोन जास्तीच्या केबली गल्ल्याजवळ ठेवा. आणि हे सगळं काउंटरवरच्या मुलालाही दाखवा, कारण बिघाड होईल तेव्हा तुम्ही माल आणायला गेलेले असाल.

धंदा करा, समजून करा. भेटू पुढच्या व्हिडिओत.